गाळलेले तीन बिंदू

करुणा टेंभुर्णे आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आली ती २००२ साली, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढीच नोकरी. उन्हाळ्यात कॉलेज बंद, की तुम्हीही बंद. मी त्याच तत्त्वावर मराठी शिकवत होतो. स्टाफरूममधल्या दाराजवळच्या दोन डुगडुगत्या खुर्च्या आम्हा दोघांच्या वाट्याला आल्या होत्या. पुढचं सगळं तिनंच मला सांगितलं, काही तेव्हा, काही फार नंतर.

ती कोंढ्याची. वडील यादोराव पाटबंधारे खात्यात होते. कालव्याच्या गेजवर पाण्याची पातळी वाचायची आणि रोज नोंदवायची, हे त्यांचं काम. पोरीनं एम.एस्सी. केलं, आता कायमची प्राध्यापक व्हावी, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी पीएच.डी. हवी होती. विभागप्रमुख डॉ. केशवराव निखारे मार्गदर्शक व्हायला तयार झाले आणि विषयही त्यांनीच दिला: टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड या ब्रोमीनच्या संयुगाची वायुरूपातली निर्मिती-उष्णता ठरवणं.

“म्हणजे नेमकं काय?” मी विचारलं होतं.

“मूलद्रव्यांपासून हा वायू बनताना किती उष्णता सुटते ते काढाचं. पण तसा तो थेट बनवून मोजता येत नाही, सर. मग आडवाटेनं जावं लागते. हा तापवला की फुटून दोन वायू होतात, आणि ते दोन जुळून पुन्हा हाच होतो. तापमान एकच धरून ठेवलं की फुटणं आणि जुळणं बरोबरीत येते. वेगवेगळ्या तापमानांना ही बरोबरी कुठं येते ते मोजलं, की फोडाले लागणारी उष्णता निघते. त्या दोन वायूंचे आकडे पुस्तकात आहेतच. वजाबाकी केली की झालं.”

“मग सोपं आहे.”

“वजाबाकी सोपी आहे,” ती म्हणाली. “तिथपर्यंत पोचाले चार वर्षं लागतीन.”

पाच लागली. एकाचे दोन वायू झाले की दाब वाढतो, तो दाब मोजायचा. पण फुटून निघणारा एक वायू पाऱ्याला सोडत नाही, म्हणून साधा पाऱ्याचा दाबमापक चालत नव्हता. नागपूरच्या एका काच कारागिराकडून तिनं काचेचा बंद फुगा आणि त्याला जोडलेली केसासारखी पातळ काचेची कमानी करून आणली. दाबाबरोबर ती कमानी किंचित वळायची. पहिल्या दोन कमान्या बसवतानाच तुटल्या. तिसरी सेवकरामनं बसवली. सेवकराम सोनकुसरे प्रयोगशाळेतला परिचर, आंधळगावच्या विणकर घरातला. लहानपणी कोशाच्या रेशमाचे तुटलेले धागे जोडून जोडून त्याची बोटं तयार झाली होती. श्वास रोखून त्यानं कमानी जागेवर सरकवली आणि मग बाहेर जाऊन पायरीवर बसून राहिला.

काच नवीन असली की वायू तिच्या भिंतीवर वेडावाकडा फुटतो. म्हणून फुग्यात एकच पदार्थ पुन्हा पुन्हा तापवून आतून काळपट थर बसू द्यावा लागतो. करुणानं त्यात अख्खा महिना घातला. एका सोमवारी ती आली तर फुगा आरशासारखा लखलखत होता. सेवकरामनं सुटीत येऊन तो ॲसिडनं धुऊन काढला होता.

“किती घाण झाला होता मॅडम,” तो कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला.

त्याला काही न सांगता तिनं पुन्हा महिनाभर थर बसवला. सेवकरामला खरी गोष्ट कळली तेव्हा तो दोन दिवस तिच्यासमोर आला नाही. त्यानंतर मात्र तिच्या प्रत्येक मोजणीला तो हजर असायचा.

ते भारनियमनाचे दिवस होते. वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असायचं, आणि वीज त्याच्याबाहेरही जायची. फुगा बुडवलेली तेलाची कढई सहा-सहा तास एकाच तापमानाला ठेवायची, आणि पाचव्या तासाला दिवा जायचा. जनरेटर होता, पण तो प्राचार्यांच्या खोलीसाठी. करुणा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. असे किती दिवस वाया गेले याची मोजदाद तिनं ठेवली नाही.

तरीही २००७च्या हिवाळ्यात सात तापमानांची मोजमापं हातात आली. प्रत्येक तापमानाला तिनं दोन्ही बाजूंनी मोजलं होतं. एकदा अख्खा वायू भरून तो फुटू दिला, एकदा फुटलेले दोन वायू भरून ते जुळू दिले. दोन्हीकडून कमानी एकाच जागी येऊन थांबायची. खालच्या तीन तापमानांना थांबायला अख्खी रात्र जायची, तीही वीज टिकली तर, पण थांबायची तिथंच. आलेखावर सातही बिंदू एका रेषेत बसले; त्या रेषेच्या तिरपेपणावरूनच उष्णतेचा आकडा निघायचा. त्या दिवशी तिनं सेवकरामसाठी आणि माझ्यासाठी आलूबोंडे आणले होते. तिला इतकं मोकळं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

निखारे सरांनी आलेख बराच वेळ पाहिला. त्यांनी स्वतः याच संयुगाचा आकडा संगणकावर काढून दोन वर्षांपूर्वी छापला होता. करुणाचा आकडा त्यापेक्षा सहा किलोज्यूलनं वेगळा येत होता.

“हे खालचे तीन बिंदू काढून टाक,” ते म्हणाले. “कमी तापमानाला ही क्रिया पूर्ण होत नाही.”

“सर, दोन्ही बाजूंनी तीच जागा आली. पूर्ण झाल्याशिवाय तशी येणार नाही.”

“वरचे चार घेऊन रेषा काढ. बघ काय येतं.”

तिनं तिथंच काढली. सातांत न जाणवणारी बारीकशी चूक चार जवळजवळच्या बिंदूंत रेषा वळवायला पुरली; ती जरा जास्त तिरपी झाली, आणि आकडा सरांच्या आकड्याजवळ आला.

“बघ,” सर म्हणाले. “मला तुझं नुकसान करायचं नाही करुणा. पण प्रबंधावर सही माझी लागते.”

त्या शनिवारी ती कोंढ्याला गेली. वडील निवृत्त झाले होते, दम्यानं खाटेवरच असायचे. तिनं त्यांना सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, जन्मभर पाण्याची पातळी मोजलेला हा माणूस म्हणेल, जे दिसलं तेच लिही. तेवढंच ऐकायला ती गेली होती.

यादोरावांनी विचारलं, “सर सही नाही करन म्हंते?”

“नाही करणार.”

“मंग गाळून टाक ना माय.”

“बाबा, ते खरे आहेत.”

“माहीत हाय मले.” ते भिंतीकडे तोंड करून बोलले. “मी का सारं खरंच लिवलो? साहेब म्हने, टोकापर्यंत पानी गेलं असं लिव. मी लिवत होतो. तिकडं लोकायचे धान वाळून जात. मी आपला लिवत होतो. म्हनून तर तू शिकली.”

आई तुळसा चुलीपाशी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. सकाळच्या बसनं करुणा परत आली आणि प्रबंधात चार बिंदू ठेवले. सेवकरामनं टाइप केलेली पानं जुळवताना तक्ता पाहिला.

“मॅडम, तीन दिसून नाही राहिले.”

“राहू दे सेवकराम.”

“काहून? थे तीन तर सगळ्यात कठीण होते.”

“म्हटलं ना, राहू दे.”

२००९ला ती डॉक्टर झाली. शोधनिबंध एका संशोधन-मासिकात छापून आला, त्यावर पहिलं नाव निखारे सरांचं. पुढच्याच वर्षी आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राची एक कायम जागा निघाली, राखीव. करुणाएवढं पात्र दुसरं कुणी नव्हतं. मुलाखतीला बाहेरून एक म्हातारे तज्ज्ञ आले होते. त्यांनी तिचा प्रबंध खरोखर वाचला होता.

“काम चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण फक्त चार तापमानं? तीही इतकी जवळजवळ? एवढ्याशा टप्प्यावरून काढलेल्या रेषेचा काय भरवसा? आणखी खाली उतरला असतात तर आकडा पक्का झाला असता. का नाही उतरलात?”

टेबलाच्या त्या बाजूला निखारे सर बसले होते. करुणानं त्यांच्याकडे पाहिलं. ते पाण्याचा ग्लास उचलून पीत होते.

“वेळ कमी पडला,” ती म्हणाली.

“संशोधनात असा कंटाळा चालत नाही, बाई.”

मुलाखत आटोपल्यावर ती वर्गावर जायच्या जिन्यात मला भेटली. “मले कंटाळा म्हणाले, सर,” एवढंच म्हणाली. निकालावर ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ असा शेरा आला. जागा रिकामी राहिली. पुढं भरतीच बंद झाली. ती जागा अशीच रिकामी ठेवायची असं कुणाच्या तरी मनात आधीपासूनच असणार, असं मी तिला म्हणालो. तिनं मान हलवली. “असन. पण निमित्त मी दिलं ना.”

मग तिनं एकटीनं एक काम केलं. तीन बिंदू, सातांची रेषा आणि खरा आकडा लिहून मासिकाला दुरुस्ती पाठवली. मासिकाचं उत्तर आलं: दुरुस्ती छापू, पण सर्व लेखकांच्या सह्या हव्यात. ते पत्र घेऊन ती निखारे सरांच्या घरी गेली. त्यांनी चहा दिला, तब्येतीची विचारपूस केली. “माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे,” ते म्हणाले. “आता हे कशाला?” सही केली नाही. दोन वर्षांनी त्यांचा सत्कार झाला. विद्यार्थ्यांच्या वतीनं शाल देण्यासाठी करुणाचं नाव पुकारलं गेलं. तिनं दिली.

यादोराव २०१३ला गेले. पोरगी कायम झालेली त्यांना दिसली नाही. करुणा आता लाखांदूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला शिकवते, तिथंही कंत्राटावर. मागच्या खेपेला भेटली तेव्हा तिनं मोबाइलवर एक तक्ता दाखवला. निरनिराळ्या देशांतल्या मोजमापांतून निवडून केलेली यादी होती. तिच्या संयुगापुढं तिचाच आकडा होता, चार बिंदूंचा. संदर्भ म्हणून लिहिलं होतं, निखारे आणि सहकारी.

“मोजलेलं आणि संगणकाचं चांगलं जुळते, म्हणून घेतलं म्हणे,” ती म्हणाली. “आता जगात कोणालेही हा आकडा लागला, तर तो हाच घेईन.”

“खरा आकडा कुठं आहे?”

“माझ्याकडं. सेवकरामलेही पाठ होता. तो गेल्या वर्षी वारला.”

लाखांदूरच्या बसची वेळ झाली होती. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि उठली.