गेटवर ‘नाही’ म्हणताना

रिक्षावाल्या चाचांनी औरंगपुऱ्यातून ते पिल्लू आणलं, तेव्हा माझ्या घरात नऊ कुत्री होती. जखमी कुत्रं दवाखान्यात न्यायचं असलं की मी चाचांनाच फोन करायचे. बाकीचे रिक्षावाले कुत्रं बघून पुढे निघून जात. पोत्यात गुंडाळलेलं पिल्लू त्यांनी माझ्या हातात दिलं.

“चाकाखाली येता येता वाचलंय, मॅडम. ठेवून घ्या.”

मी पुढचा-मागचा विचार न करता त्याला अंगणात इतर पिल्लांमध्ये सोडलं. चूक माझीच होती.

तिसऱ्या दिवशी ते ओकायला लागलं, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पार्वो, म्हणजे पिल्लांमध्ये झपाट्यानं पसरणारा जीवघेणा आजार. माझ्या इतर तीन पिल्लांच्या लसी अजून पुऱ्या व्हायच्या होत्या. आठवडाभरात तिन्ही त्याच आजारानं आडवी झाली.

मोठ्या कुत्र्यांना गच्चीवर नेलं. सलाईनची बाटली पडद्याच्या दांडीला अडकवायची आणि सुई निघू नये म्हणून पिल्लाचा पाय तासन्‌तास धरून बसायचं, हे मी आणि नवरा आळीपाळीनं करत होतो. फरशी दिवसातून चारदा ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवायची. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदा. टाकी दोन दिवसांत तळाला गेली, टँकरवाला परवाचं सांगत होता. वास गल्लीभर पसरला.

शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. माझ्याविरुद्ध त्यांनी महापालिकेत आधीच एक अर्ज दिला होता. त्या दुपारी ते गेटवर आले.

“लई झालं आता, बाई. घरात बसवंना आम्हाला.”

“खरं आहे, सर. पण एकदा आत येऊन बघा.”

नाकाला रुमाल लावून ते आत आले. वर्तमानपत्रावर पिल्लं पडली होती आणि माझा नवरा त्यातल्या एकाचा पाय धरून बसला होता. सर पिल्लांजवळ वाकले.

“जगतील का?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

ते निघून गेले. अर्ध्या तासानं भिंतीवरून हिरवा पाइप खाली आला. पलीकडून आवाज आला, “बोअरचं पाणी हाय. प्यायला नाय, पण धुवायला चालंल. अन् अर्ज काय मी मागं घेणार नाय.”

“नका घेऊ, सर,” मी म्हणाले आणि बादली लावली.

चाचांचं पिल्लू गेलं. पाठोपाठ आणखी दोन गेली. उरलेल्या तपकिरी पिल्लानं आजाराच्या नवव्या दिवशी माझ्या बोटावरची भाताची पेज चाटली. तेव्हा मात्र मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, “बंद करायचं का हे सगळं?” त्याच्या स्वरात राग नव्हता, नुसता थकवा होता.

“बंद नाही करायचं. पण असं नाही करायचं.”

डॉक्टर म्हणाले होते, हा विषाणू मातीत कित्येक महिने राहतो. मग आम्ही ठरवलं, सहा महिने एकही पिल्लू घरात घ्यायचं नाही. त्यानंतरही नवीन येणारं कुत्रं पंधरा दिवस वेगळं ठेवायचं. त्यासाठी पुढची खोली रिकामी केली. सोफा नणंदेकडे गेला. त्या खोलीच्या चपला वेगळ्या, पोछा वेगळा, भांडी वेगळी. पाहुणे आले की आता स्वयंपाकघरात बसतात. काहींनी येणं सोडलं.

महिन्याभरानं स्कूटरवरून एक जोडपं आलं. बाईच्या ओढणीत पिल्लू होतं. मी गेट उघडलं नाही.

“तुम्हीच नाही म्हटल्यावर आम्ही कुठं जायचं?” ती म्हणाली.

“इथं आणलंत तर ते मरेल. तुमच्या बाल्कनीत ठेवा, मी रोज येते.”

“आमच्याच्यानं नाही होणार.”

“मला तरी कुठं येत होतं?”

ती चिडली. तिचा नवरा म्हणाला, “सोड, चल.” स्कूटर वळली. तरी मी पत्ता विचारला आणि त्यांनी तो सांगितला. संध्याकाळी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून मी त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेले. दार बाईनंच उघडलं. खोक्यात जुनी चादर घातलेली होती, आणि शेजारी वाटीत दूध.

“दूध नको,” मी चप्पल बाहेर काढत म्हणाले, “मऊ भात आहे का घरात?”