बंदीतला म्हसोबा

मारोतराव मास्तरांना चार भिंतींत बसून शिकवणं कधी जमलंच नाही. केनवडच्या बाजूला आमचं गाव, तिथली चौथीपर्यंतची शाळा, आणि मास्तर वर्गात सापडतील तर शपथ. मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव पोरांच्या खांद्यावर देऊन ते सगळ्यांना टेकडीवर न्यायचे. धावेचं ते गोल कडं जमिनीवर टाकायचं आणि त्याच्या आत काय काय उगवलंय ते पोरांनी ओळखायचं. बहुतेक वेळा उत्तर एकच, कुसळी. गुरांच्या तोंडात टोचणारं, धोतराला चिकटणारं ते निकामी गवत.

"इथं पहिले मारवेल होतं," मास्तर सांगायचे. "ढोरायनं गोड गवत मुळापासून खाल्लं, कुसळी तेवढी राह्यली. माती उघडी पडली, म्हून नाला गढूळ वाह्यते अन् हिवाळ्यातच आटते."

तीस सालाच्या मागंपुढं ते नागपूरला काही दिवस शेतकी शिकून आले, तेव्हापासून एक खूळ त्यांच्या डोक्यात बसलं होतं. टेकडीचा एक तुकडा चराईला बंद ठेवायचा आणि शेजारच्या उघड्या जमिनीशी दरवर्षी ताडून पाहायचा. या तुकड्याला ते बंदी म्हणायचे. गावानं मान डोलावली खरी, पण बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं की ते लोकांच्या चुलीत जायचं. गावची गुरं राखणारा देवला तर तोंडावर म्हणाला, "मास्तर, गवत वाढवून काय पोथी वाचून दाखवता त्याले?"

मग मास्तरांनी जे केलं, ते करायला नको होतं. देवाधर्माची टिंगल करणारा हा माणूस नाल्यातून एक गोल धोंडा घेऊन आला, शिरपूरच्या बाजारातून आणलेला शेंदूर त्याला फासला आणि एका पहाटे तो बंदीच्या कोपऱ्यावर बसवला. झालं! म्हसोबा प्रगटला. देवाच्या नावानं सुटलेल्या जमिनीत आमच्याकडं कोणी काडीसुद्धा मोडत नाही.

गवत आलं. कुसळी मागं हटली, कुठूनकुठून मारवेल आलं, पवन्या आला, आणि बंदीच्या पायथ्याचा आटलेला झिरा पुन्हा पाझरू लागला. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. धावेच्या आतली नावं सांगताना आता पोरं दमायची. गाव मात्र म्हसोबाला नारळ फोडू लागलं. देवलाची आईबापाविना वाढणारी नात तापातून उठली, तीही म्हणे म्हसोबाच्याच कृपेनं.

"खरं काय थे सांगून टाका आता," मास्तरांची बायको प्रयागबाई म्हणायची.

"आणखी एक पावसाळा पाहू दे."

मला मास्तरांचा राग येतो तो इथं. आपलं काम फळाला येताना दिसलं, की भल्या माणसाचीही जीभ कशी लुळी पडते!

असे आणखी दोन-तीन पावसाळे गेले, आणि एका वर्षी पावसानं दडी मारली. दिवाळीलाच टेकड्या बोडक्या झाल्या. कडबा संपला, गुरं उकिरड्यावरच्या चिंध्या चघळू लागली. देवलाच्या घरची तांबडी गाय उठेना. नात तिच्याच दुधावर वाढत होती. आणि वर बंदीत कमरेइतकं मारवेल वाळून पिवळंधमक उभं होतं.

मास्तर चावडीवर गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या गोट्याले मी शेंदूर फासला. तिथं देव नाई. इळे घ्या अन् चाला."

कोणी हसलं नाही, कोणी चिडलंही नाही. देवला पुढं आला.

"गोटा तुमी आणला, मास्तर. पन आणाची बुद्धी तुमाले कोनं देल्ली?"

प्रत्येक गोष्टीचं कारण शोधा, असं मास्तरांनीच जन्मभर सांगितलं होतं. ते एकटेच टेकडीवर गेले, कधी विळा न धरलेल्या हातांनी भारा कापला आणि देवलाच्या गोठ्यात गाईपुढं टाकला. गाईनं पडल्यापडल्या मान लांबवून घास घेतला. तेवढ्यात देवला धावत आला, आणि त्यानं तो घास तिच्या तोंडातून ओढून काढला. रडत होता तो.

"पोरीले काई झालं तं? एकच हाय मले."

सगळा भारा गोळा करून त्यानं टेकडीवर नेला आणि धोंड्यापुढं ठेवला. त्याच आठवड्यात गाय मेली.

मग मात्र मास्तरांचं डोकं फिरलं. धोंडा उपटून नाल्यात फेकायचा, असं ठरवून ते पहार घेऊन टेकडी चढले. वर देवला बसलेला होता. हातात गाईच्या गळ्यातली घंटी, शेजारी बाभळीचा एक खांब.

"बरं झालं पहार घेऊन आले," देवला म्हणाला. "खांब गाडाचा हाय, अन् माह्यात ताकद नाई राह्यली. तिची घंटी इथंच बांधतो. देवाची होती, देवाले गेली."

मास्तरांनी एकदा धोंड्याकडं पाहिलं, एकदा देवलाच्या हाडं निघालेल्या हातांकडं पाहिलं, आणि मग पहार उचलून ते धोंड्याशेजारी खड्डा खणू लागले.

टेकडीवर एरवी पहार मारली की ठणठण वाजायची. बंदीतली माती मऊ झाली होती, पहार सहज आत गेली.