माया खोडताना

धरणगावच्या स्टेशनावर आबा माझी वळकटी डब्यात ढकलत होते आणि माय खिडकीचा गज धरून एकच सांगत होती, "पत्तर धाडजो, भाऊ." आपल्या ल्यूथरन ख्रिस्ती मंडळीचे पाळकसाहेबही आले होते, कारण मंडळीतून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यांनी एक काम सोपवलं. पुण्याहून बायबल अभ्यासाचं पुस्तक निवडून पाठवायचं. बायकांच्या रविवारच्या वर्गात चालेल आणि बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या लोकांनाही वाचून दाखवता येईल असं. चाळीसगाव मागे पडलं आणि डब्यात 'आहे'ला 'शे' म्हणणारं कोणी उरलं नाही. तेव्हा मला रडू आलं. मंडळीतल्या तुमच्यापैकी जे गावाबाहेर पडलेत त्यांना हे सांगायला नको.

पुण्यात हॉस्टेल, लेक्चर, नळाचं पाणी, सगळं नवं. पुस्तकांच्या दुकानदाराने दोन पुस्तकं पुढे ठेवली. एक साधं, चित्रांचं. दुसरं कापडी बांधणीचं, भारदस्त शब्दांचं. माणूस कृपेनेच तरतो, ही आपली शिकवण दोन्हींत होती, एवढं मी पाहिलं. पण साधं पाठवलं तर हा कॉलेजात शिकतो तरी काय, असं तुम्ही म्हणाल, अशी मला भीती वाटली. मी भारदस्त निवडलं. वीस प्रती रेल्वेने गेल्या.

महिन्याभराने आबांचं पत्र आलं. "तुझी माय वर्गाला जात नाही. तुझं पत्र वाचू लागलो की उठून जाते." पुढे लेक्चरला बसायचो, पण कानात ते वाक्यच असायचं.

नाताळात घरी गेलो. मायने कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी वाढली, पण जवळ बसली नाही. मी विचारलं तेव्हा चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तूच निवडं ना ते पुस्तक? माया सोडा म्हने! तुनी माया सोडू का मी?"

तिसऱ्या धड्याचं नावच होतं 'मायेचा त्याग करा'. लिहिणाऱ्याला जगाचा मोह म्हणायचा होता. मायला वाचता येत नाही. वर्गात धडा वाचला गेला आणि तिला वाटलं, शिकलेल्या पोराने पुण्याहून आपल्यालाच निरोप धाडला.

मी अडखळत अर्थ सांगितला. ती हसली. "त्याले आम्ही हाव म्हंतस. एवढा शिकना, आन् हाव शब्द भेटना नही तुले?"

रविवारी वर्गाआधी मी वीसही प्रतींत 'माया' खोडून 'हाव' लिहीत बसलो. पाळकसाहेब म्हणाले, "खोड, खोड. मलाही सुचायला हवं होतं." माय शेजारी बसून एकेक प्रत पुढे सरकवत होती, "याच्यामा खोडं का?" विचारत होती.

आता परत पुण्यात आहे. परवा परीक्षेत 'माया' शब्दाचा अर्थ विचारला होता. मी 'भ्रम' लिहिलं आणि गुण मिळाले. लिहिताना हात मात्र थांबला होता. घर कुठे, असं इथे कोणी विचारलं की मी धरणगाव सांगतो. मनात वाटतं, माया म्हणजे भ्रम हे माझं उत्तर जिथे चूक ठरतं, ते घर.