भोंगा आणि भिंतीवरची जास्वंद

“मी कुठं ओरडतोय?” हे तो इतक्या मोठ्यानं विचारायचा की उत्तर द्यायची गरजच उरायची नाही.

अंबरनाथला एमआयडीसीत आम्ही दोघं पॉवर प्रेसवर होतो. दिवसभर पत्रा ठोकायचा, धाडधाड. तिथं ओरडल्याशिवाय शेजारच्याला कळायचं नाही. तोच आवाज त्यानं घरी नेला. सगळे त्याला भोंगा म्हणायचे. सकाळी गेटातून त्याचा ‘जयभीम’ आला की चहावाला ग्लास मांडायला घ्यायचा. आता तो नाही म्हणून मला लिहावं लागतंय. असता तर त्यानंच सांगितलं असतं, आणि कल्याणपर्यंत ऐकू गेलं असतं.

रिटायर झाल्यावर त्याला नात झाली. “काय गं माझे बाय!” त्यानं पहिली हाक मारली आणि पोर दचकून जी रडली ती लालबुंद झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, “बाबा, थोडे दिवस लांबूनच बघा हं.” चांगली मुलगी, टाकून बोलली नाही. पण हा माझ्याकडे येऊन बसला आणि चहाला हात लावेना.

“नात घरात आणि मी गॅलरीत,” म्हणाला.

त्याच सुमारास बदलापूरला चित्रकला शिकणाऱ्या मुलांनी एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं होतं. त्याचं मन रमावं म्हणून मी त्याला नेला. एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर प्रोजेक्टरनं पाडलेली भली मोठी जास्वंद. पुढं माइक. हळू बोललं की फूल उमलायचं, जोरात बोललं की मिटायचं. सगळं कॉम्प्युटर करत होता. मी म्हटलं, ही कसली कला? चित्रानं जागेवर राहावं. माझं मत अजून तेच आहे.

हा माइकपुढं गेला. “नमस्कार!”

फूल फटकन मिटलं.

“काका, हळू,” ते फूल बनवणारी मुलगी म्हणाली.

“मी कुठं ओरडतोय?”

“काका, फूल घाबरलं!” मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मला वाटलं, आता हा चिडणार. पण तो फुलाकडेच बघत होता.

“किती दिवस आहे हे?”

“रविवारपर्यंत.”

“रोज येतो.”

आणि रोज आला. दुपारी, गर्दी नसताना. आधी नुसते ओठ हलवायचा. “आवाज पण पाहिजे, काका,” ती मुलगी सांगायची. त्याच्याकडे दोनच आवाज होते, एक भोंग्याचा आणि एक मुक्याचा. मधला शोधायचा होता. प्रेसनं कान खाल्लेले, स्वतःचा आवाज त्याला कळायचाच नाही. फूल बघून कळायला लागला. मग त्यानं गळ्यावर हात ठेवून बोलायला सुरुवात केली. किती थरथरलं की फूल उमलतं ते बोटांनी लक्षात ठेवायचा. घरी भिंतीवर फूल नसणार ना!

“कशाला एवढा हट्ट?” मी म्हटलं. “पोर मोठी झाली की होईल सवय.”

“तोवर मी असेन का?”



रविवारी त्यानं गळ्यावर हात ठेवून स्टेशनं म्हटली. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ. कर्जत आलं तरी फूल उघडंच. मुलीनं आनंदानं टाळी वाजवली, तर मिटलं. हा तिच्यावर खेकसला, पण हळूच.

तिथून आम्ही थेट त्याच्या घरी गेलो. सुनेनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पोर त्याच्या मांडीवर दिली. त्यानं एक हात तिच्या मानेखाली घातला, दुसरा स्वतःच्या गळ्यावर ठेवला, आणि वाकून बोलायला लागला. पोर त्याच्या तोंडाकडे टकामका बघत होती.

भोंग्याचं बोलणं ऐकायला मला आयुष्यात कधी जवळ जावं लागलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याला खेटून बसलो होतो, आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही.