बिराजदार सरांचा फ्रेंच डॉक्टर

बिराजदार सरांना कोणी पत्ता विचारला की ते आधी उलट विचारायचे, "तुमी कुटून आला? वाटेत काय काय लागलं?" मग खिशातली पेन्सिल काढून मिळेल त्या कागदावर नकाशा काढायला सुरुवात. स्टाफरूममध्ये मी त्यांची भरपूर टिंगल करायचे. चित्रकलेच्या शिक्षकाने भूगोलात लुडबूड करू नये, असं आपलं माझं, म्हणजे भूगोलाच्या बाईचं, मत.

ही सवय त्यांनी एका फ्रेंच डॉक्टरकडून उचलली होती. त्याची जुनी छापील रोजनिशी सरांना रद्दीत सापडली. आतल्या नकाशांवर भाळून ती त्यांनी घरी आणली आणि शब्दकोश पुढ्यात घेऊन चाळिशीत फ्रेंच शिकले. हा डॉक्टर तरुणपणी सरकारी नोकरीवर बोटीने निघाला, तो पूर्वेकडच्या, फ्रेंचांच्या ताब्यातल्या डोंगराळ मुलखात पोचला. तापाने फणफणलेल्या माणसाला औषध देता देता तो विचारायचा, कोणत्या वाटेने आलास, पाणी कुठे प्यायलास. त्या उत्तरांतून त्याने सारा मुलूख कागदावर उतरवला. पुढे त्याचे नकाशे घेऊन त्याच वाटांनी सरकारी फौज गेली, तेव्हा त्याने नकाशे काढणं सोडलं. दवाखाना मात्र सोडला नाही. "लई एकटा पडला वो, मॅडम," सर सांगायचे, जणू तो जुळे सोलापुरात त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्येच राहत होता.

निवृत्त झाल्यावर सरांनी त्याचं चरित्र लिहायला घेतलं. तपासायचं काम माझ्याकडे. शेवटच्या प्रकरणात डॉक्टर तापाने जातो. सरांनी लिहिलं होतं, 'त्याच्या उशाशी एक म्हातारी बसून होती. तिने त्याचा हात सोडला नाही.'

"हे रोजनिशीत कुठंय?" मी विचारलं.

"न्हाय. रोजनिशी आधीच संपती. तापानं गेला, एवढंच प्रस्तावनेत हाय."

"मग पुरावा?"

"कुणीतरी असंल की, मॅडम. एवढ्या लोकांना बरं केलं त्यानं."

"असेल म्हणून चरित्र लिहीत नाहीत, सर." आणि मी दोन्ही वाक्यांवर लाल रेघ मारली. वर्षानुवर्षं पेपर तपासलेला हात, थांबतो कुठे! सरांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "व्हय. पुरावा न्हाय."

त्यांच्या पत्नी, महादेवीवहिनी, कोरोनात गेल्या हे मला माहीत होतं. कशा गेल्या, ते त्यांच्या मुलीने, सुजाताने, पुढे मंडईत भेटल्यावर सांगितलं. "आईला हॉस्पिटलमध्ये आत नेलं, अप्पांना सोडलं नाही. चार दिवस गेटबाहेर उभे होते. नंतर एकच विचारायचे सगळ्यांना, शेवटी तिच्याजवळ कोण होतं? कुणालाच माहीत नव्हतं."

भाजीची पिशवी धरून मी तिथेच उभी राहिले. मला रडू आवरेना. सरांनी त्या म्हातारीला कोणासाठी बसवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. आणि मी तिला उठवून लावलं होतं.

तसंच तिथून त्यांच्याकडे जायला हवं होतं. पण बोर्डाचे पेपर आले होते. म्हटलं, गठ्ठा संपवून रविवारी जाऊ, ती वाक्यं परत घालायला सांगू. शनिवारी सकाळी सुजाताचा फोन आला. सर अंघोळीला जाता जाता कोसळले होते.

माती देऊन आल्यावर तिने सरांनी सुवाच्य अक्षरात उतरवलेली प्रत माझ्या हातात ठेवली. मी उभ्या उभ्याच शेवटचं पान काढलं. 'मरताना त्याच्याजवळ कोणी होतं की नाही, याचा पुरावा नाही.' म्हातारी कुठेच नव्हती. त्याखाली ऋणनिर्देश होता, एकाच ओळीचा: 'मला खोटं लिहू दिलं नाही, याबद्दल मॅडमचे मनापासून आभार.'