तुळजाची कान्सटीन

पडघ्याच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावची तुळजा. त्या पट्ट्यात कुठेही हळद असली की तिला बोलावणं यायचं, आणि ती आपली कान्सटीन घेऊन जायची. कान्सटीन म्हणजे कॉन्सर्टिना. दोन तळहातांत मावेल एवढी सहा कोनांची पेटी, मधे घड्याघड्यांचा भाता, दोन्ही बाजूंना बटणं. ओढली की एक सूर, दाबली की त्याच बटणातून दुसरा. खरं नाव तुळजाला फार उशिरा कळलं. तिच्या बापाने, अनंताने, कुणाकडून तरी अर्धवट ऐकून कान्सटीन म्हटलं, आणि गावाने तेच धरलं.

अनंता टेम्पो चालवायचा. मुंबईच्या दारूखाना बंदरातून जहाजांचं भंगार उचलायचं आणि भिवंडीच्या गोदामांत टाकायचं. एकदा कुठल्याशा बोटीच्या कपाटात ती पेटी निघाली. भाता दोन ठिकाणी फाटलेला होता. अनंताने त्याला सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले आणि ओसरीवर बसून तो लग्नातली प्रेमाची गाणी शोधू लागला. शोधूच लागला म्हणायचं, कारण शिकवणारं कोणी नव्हतं. एक सूर सापडला की दुसरा हरवायचा. आई वैतागायची. पोरीबाळींच्या घरात असली गाणी काय वाजवता, म्हणायची. तुळजा मात्र बापाच्या मांडीला मांडी लावून बसायची, आणि बापाला जे सूर सापडत नसत ते तिला सापडायचे. पुढे बाप वाजवायचा आणि ती गायची. मग वाजवायचीही तीच आणि गायचीही तीच, बाप नुसता ढोलकी धरायचा. हायवेवर टेम्पो उलटून अनंता गेला, त्यानंतरही तिने हळदी सोडल्या नाहीत. दिवसा गोदामात पार्सलं पॅक करायची ड्युटी, संध्याकाळी कुणाची तरी हळद.

तिचं एक गाणं सगळ्या पट्ट्यात माहीत झालं होतं. खाडीवरून येणाऱ्या माणसाची हाक ऐकून चुलीवरचं दूध तसंच सोडून दारात धावणाऱ्या बाईचं. ती ते डोळे मिटून गायची. गाताना भाता असा हळू उघडायची की समोर नाचणारेही थबकायचे.

कुमार तिला अशाच एका हळदीत भेटला. भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या कापडाच्या कारखान्यात तो जॉबर होता, बिघडलेले लूम दुरुस्त करायचा. हात तेलकट, बोलणं कमी. पुढच्या प्रत्येक हळदीला तो समोर येऊन उभा राहायला लागला. कुणाचं आमंत्रण असो नसो. शेवटी त्याने आईला, बायजाबाईला, मागणी घालायला पाठवलं. तुळजालाही तो आवडला होता. लग्न झालं आणि दोघं नाक्याच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहिली. दोन्ही बाजूंना लूम चालायचे. भिंती हलायच्या. तुळजा त्या खडखडाटात बसून सराव करायची, कारण तिथे कुणालाच काही ऐकू जायचं नाही.

पहिल्यांदा त्याने हात उचलला तो काल्हेरच्या हळदीहून परतल्यावर. तिथे पोरांनी तेच गाणं परत परत गायला लावलं होतं. घरी आल्यावर कुमारने दाराची कडी लावली.

"ते गानं तू माझ्याकडं बगून गायचीस," तो म्हणाला. "आता कोनाकडं बगून गातंस?"

ती म्हणाली की मी कुणाकडेच बघत नाही, डोळे मिटलेले असतात. ते खरंच होतं. पण हे ऐकून त्याचा चेहरा अजूनच काळवंडला, कारण मग त्याच्याकडे बघून गायल्याचंही खोटं ठरत होतं. त्याने तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. शेजारचे लूम चालूच होते.

मग ते नेहमीचं झालं. कारखान्यातून त्याने एक लाकडी दांडका आणून ठेवला होता. हळद झाली की दांडका निघायचा. तुळजा मार खाऊन गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. एकदा तिने तवा घालून त्याची भुवई फोडली, तेव्हा त्याने तिच्या दोन बरगड्या मोडल्या. डॉक्टरला तिने मोरीत पाय घसरला म्हणून सांगितलं. डॉक्टरने तिच्याकडे आणि मागे उभ्या कुमारकडे पाहिलं आणि पट्टा बांधून दिला.

कान्सटीनला मात्र त्याने कधी हात लावला नाही. उलट मारून झालं की तो रडायचा, पेटी स्वतः आणून तिच्या मांडीवर ठेवायचा आणि तेच गाणं म्हणायला सांगायचा. सुजलेल्या ओठांनी ती म्हणायची. का म्हणायची, हे तिला नीट सांगता यायचं नाही. त्या वेळी तो लग्नाआधीसारखा समोर बसायचा, एवढंच ती एकदा आईजवळ बोलली. आईने ते ऐकून तोंड फिरवलं.

गाणं सोड असं सगळे सांगत होते. बायजाबाईने तर येऊन पाया पडायचं नाटकही केलं. तुळजाने एकच उत्तर दिलं, बाप गेला तेव्हा नाही सोडलं, आता कुणासाठी सोडू.

मग अकलोलीच्या वाटेवरच्या एका गावातली ती हळद आली. उन्हं उतरली होती. मांडवात नवऱ्याला हळद लागत होती, एका कडेला मटणाची तयारी चालली होती. नवरदेवाचा चुलतभाऊ दीपेश, नुकतीच सोयरीक जमलेला उमदा पोरगा, तुळजाजवळ आला आणि खाडीवरचं गाणं मागितलं. मोबाइलवर घेऊन होणाऱ्या बायकोला पाठवायचं होतं त्याला. बहीण मनाली त्याला चिडवत होती. तो अगदी जवळ मोबाइल धरून उभा राहिला.

तुळजाने त्या दिवशी डोळे मिटले नव्हते. कुमार येईल अशी धास्ती होती, म्हणून ती मांडवाच्या तोंडाकडे बघतच गात होती. तो आलाच. तो नाचणाऱ्यांतून सरळ चालत आला, घाई नाही, तोल जात नाही. मटण तोडायच्या पाटावरचा कोयता त्याने वाटेत कधी उचलला ते कुणाला कळलं नाही. तुळजाला वाटलं आपल्यासाठीच येतोय. तिने कान्सटीन छातीशी घेतली. तो तिला ओलांडून गेला.

पहिला घाव दीपेशच्या खांद्यावर बसला. त्याला काय झालं ते कळायच्या आत दुसरा, मोबाइल धरलेल्या मनगटावर. तिसरा चेहऱ्यावर. ढोलवाल्यांना दिसलं नव्हतं, ते वाजवतच होते, आणि मागची माणसं नाचतच होती. तुळजाने कुमारच्या पाठीवर उडी घेतली. कान्सटीनचे पट्टे हातांतच अडकलेले होते. ती पेटीसकट त्याच्या कानशिलावर हाणत राहिली. लाकूड फुटलं, भाता उभा चिरत गेला आणि त्यातून एकदम सगळे सूर बाहेर पडले. तेव्हा कुठे ढोल थांबले.

मग मांडव कुमारवर तुटून पडला. खुर्च्या, भांडी, चुलीतली लाकडं, ज्याच्या हाती जे लागलं ते. तुळजाने पट्टे सोडवले आणि दीपेशकडे धावली. मनगटातून रक्त उडत होतं. तिने पदराची पट्टी फाडून मनगटाच्या वर करकचून आवळली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. दीपेशचा एक डोळा उरलाच नव्हता. दुसऱ्याने तो तिच्याकडे बघत होता. पाठीमागे हाडावर लाकूड बसल्याचे आवाज येत होते आणि कुमार तिचं नाव घेऊन ओरडत होता. पुन्हा पुन्हा, तुळजा, तुळजा. लोक त्याला जिवंत सोडणार नाहीत असं तिला वाटलं. तिने मान वळवली नाही.

कुमार मेला नाही. पोलीस आले तेव्हा त्याचा पाय मोडलेला होता आणि दात पडले होते. दीपेशही वाचला, पण एक डोळा गेला आणि उजव्या हाताची बोटं कायमची मिटली. त्याची सोयरीक मोडली. तुळजा दवाखान्यात त्याला बघायला गेली, तेव्हा त्याच्या आईने सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. म्हणाली, तुझ्या गाण्याने माझा पोर खाल्ला. तुळजा गाल धरून जिना उतरली. आपल्या गावीही लोक तेच बोलत होते, फक्त हळू आवाजात.

ती आईकडे राहायला आली. मुख्य साक्षीदार तीच होती. एका दुपारी आई शेतावर गेलेली असताना बायजाबाई आणि कुमारचा धाकटा भाऊ रघू घरी आले. कोयता दुसऱ्याच कुणाच्या हातात होता, कुमार भांडण सोडवायला गेला होता, असं तिने कोर्टात सांगावं एवढंच त्यांचं म्हणणं. तिने नाही म्हटलं. रघूने तिला खाली पाडलं आणि पाठीवर गुडघा रोवला. बायजाबाईने तिचा डावा हात ओढून पाट्यावर धरला आणि रघूने वरवंटा घातला. एकदा नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही चेचून निघाली.

जाताना बायजाबाई दारात थांबली. "बोटं गेली तरी भाकरी थापता येतात," ती म्हणाली. "नवरा गेला तर काय थापशील?"

तुळजाने हात फडक्यात गुंडाळला आणि पडघ्यापर्यंत रिक्षाने जाऊन तक्रार दिली. या वेळी मोरीत पाय घसरला नव्हता.

खटला उभा राहिला तेव्हा तिची साक्ष सकाळी सुरू झाली ती जेवणाच्या सुट्टीनंतरही चालली. कुमार आरोपीच्या जागी लंगडत उभा होता. तिने मांडवात पाहिलं ते पाहिलं तसं सांगितलं. मग कुमारचा वकील उठला. तुम्ही परक्या पुरुषांसमोर शृंगाराची गाणी म्हणता का, नवऱ्याने मनाई केली होती का, त्या मुलाला उद्देशूनच ते गाणं होतं का, असं तो विचारत गेला. तिने एकेकाचं उत्तर दिलं. शेवटी तो म्हणाला, ते गाणं तरी काय होतं, ते कोर्टासमोर येऊ द्या. त्याला वाटलं असावं की ती लाजेल.

तुळजाने चेचलेला हात कठड्यावर ठेवला आणि चाल न लावता, ओळ ओळ सुटी करून सांगितलं. "खारीच्या पान्याव तुजी हाक आयकली रं. चुलीवर दूध ठेवून मी दारान आली रं." टाइप करणारा बाबू थांबला, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. पुढची कडवीही सांगितली, शेवटपर्यंत.

"एवडंच हाय," ती म्हणाली. "यात कोनाचं नाव न्हाय."

कुमार तिकडे ढसाढसा रडायला लागला. त्याचं ते रडणं तिला पाठ होतं. दांडका कोपऱ्यात ठेवल्यानंतरचं रडणं. इतके दिवस तो आवाज आला की ती गायला लागायची. आज तिने न्यायाधीशांना विचारलं, मी जाऊ का.

कुमारला मोठी शिक्षा लागली. रघूची केस वेगळी चालू झाली आणि तो जामिनावर बाहेर आला. तो पडघ्याच्या नाक्यावर उभा राहायचा आणि ती गोदामातून सुटली की मागे मागे यायचा. ती पोलिसांकडे दोनदा गेली. मग तिने पिशवीत गवत कापायचा विळा ठेवायला सुरुवात केली. एका संध्याकाळी त्याने भर रस्त्यात तिचा तो मोडका हात धरला आणि पिरगळला. तिने दुसऱ्या हाताने विळा काढून त्याच्या दंडावर ओढला, कोपरापर्यंत. तो खाली बसला तरी ती थांबली नाही, रिक्षावाल्यांनी तिला मागे ओढलं म्हणून थांबली. नंतर हात धुताना तिला जाणवलं की कुमारचा चेहरा असाच व्हायचा, अगदी आपला आता झाला असेल तसा. त्या रात्री ती जेवली नाही. आता तिच्यावरही केस आहे. एका तारखेला ती साक्षीदार असते, दुसऱ्या तारखेला आरोपी.

मुद्देमाल म्हणून ठेवलेली कान्सटीन निकालानंतर परत मिळाली. भात्यावरचं रक्त वाळून कडक झालं होतं. कल्याणला हार्मोनियम दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, त्याने असलं वाद्य आधी कधी उघडलं नव्हतं, पण नवा भाता बसवून दिला. डाव्या बाजूची खालची बटणं मात्र तुळजाला आता दाबता येत नाहीत. खर्जातले सूर गेले. राहिलेल्यांवर ती चाल बांधते आणि उरलेलं गळ्याने भरते. तिचा आवाज पूर्वीपेक्षा जाडही झाला आहे.

बराच काळ तिला कुणी बोलावलं नाही. मांडवात अपशकुन नको, म्हणायचे. मग यंदा मनालीचा फोन आला. दीपेशच्या बहिणीचा. तिची स्वतःची हळद होती. तुळजाने विचारलं की घरचे काय म्हणतील. मनाली म्हणाली, आई बोलणार नाही तुझ्याशी, पण मी आईला सांगितलंय की तू पट्टी बांधली नसतीस तर दादा मांडवातच गेला असता.

मनालीची आई खरंच बोलली नाही. तुळजा आली तशी ती उठून आतल्या खोलीत गेली. मांडव तोच होता, तीच जागा. मटणाचा पाट या वेळी घरामागे लांब ठेवला होता आणि दोन माणसं तिथे नुसती बसून होती. दीपेश काळा चष्मा लावून मांडवाच्या टोकाला खुर्चीवर होता. तुळजाने आधी दुसरी गाणी म्हटली. मग हळदीने माखलेल्या मनालीने खाडीवरचं मागितलं.

तुळजाने दीपेशकडे पाहिलं. तो उठला. त्याने डाव्या हाताने खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि मांडवाकडे पाठ करून पुन्हा बसला. गेला नाही.

तिने भाता उघडला आणि गायला लागली. पहिल्या कडव्याला कुणी नाचलं नाही. दुसऱ्याला मनालीच्या मैत्रिणी उठल्या, मग बायका, मग पोरं. दीपेशची पाठ शेवटपर्यंत हलली नाही. जेवणाची पंगत बसल्यावर त्याच्याच चुलत्याने तुळजाला पान वाढलं, आणि टेम्पोतून पडघ्यापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी तिची सकाळची शिफ्ट होती.