येसूबाईंचा हातगुण

आमच्या आळीत चौऱ्याऐंशी सालापर्यंत जन्मलेलं कुठलंही मूल घ्या, त्याच्या अंगाला आईच्या खालोखाल येसूबाईंचाच हात लागलेला. माझी तिन्ही बाळंतपणं त्यांनी केली. म्हणजे सुईणपण नव्हे, बाळंत व्हायला आम्ही दवाखान्यातच जायचो. पण तिथून घरी आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येसूबाई मागच्या दारी हजर. पुढचा दीड महिना बाळंतिणीचं आणि बाळाचं अंग त्यांच्या स्वाधीन.

उंचीने बेताच्या, अंगाने काटक. मूळच्या हातखंब्याच्या पलीकडल्या एका वाडीतल्या. नवरा लवकर गेला, एकच मुलगी, ती संगमेश्वराकडे दिलेली. अंग चोळायचं काम त्या सासूकडून शिकल्या. आल्या की आधी न्हाणीतल्या चुलीपुढे बसून दोन्ही तळवे शेकायच्या आणि ते स्वतःच्या गालाला लावून बघायच्या. गालाला चटकाही बसला नाही आणि गारही लागले नाहीत, तरच बाळाला हात. मग पाटावर बसून पाय पुढे पसरायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं आणि कोमट खोबरेलाचा हात मानेपासून खाली न्यायचा. तोंड चालूच.

"काय रे मेल्या, रात्री आयशीला झोपू नाय दिलास? थांब, तुजी मस्तीच जिरवते आता."

बाळ रडायचं थांबून ऐकायचं. आम्हा बायकांना तर त्या सरळ दटावायच्या. "वयनी, अंग सैल सोडा. काय चोरून ठेवलाय पोटात?"

आमच्याकडे हातगुण फार बघतात. कुणी लावलेलं रोप जगतं, कुणी लावलेलं विरजण घट्ट लागतं. येसूबाईंच्या हाताखाली मूल महिन्याभरात बाळसं धरतं, ही सगळ्या आळीची खात्री. त्यांना सातव्या महिन्यातच सांगून ठेवावं लागे. त्यांना कधी कुणी विचारलं, "येसूबाई, पोरं किती हो तुम्हाला?" तर म्हणायच्या, "पोटची एक. हाताखालची कोण मोजताय?" रस्त्यात मिशा फुटलेला मुलगा दिसला तरी, "ह्याच्या पाठीवर जन्मखूण हाय," असं सगळ्यांदेखत सांगून त्याला पळवून लावायच्या.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीआधी आमच्यापासून तिसऱ्या घरातल्या सावित्रीचं बाळ गेलं. सव्वीस दिवसांचं. दुपारी दूध प्यायलं, संध्याकाळी निळं पडलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं सगळं. हृदयाला जन्मतःच भोक होतं असं डॉक्टरांनी सावित्रीच्या नवऱ्याला नीट समजावून सांगितलं. तोही शिकलेला, त्याने ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बायका समाचाराला गेलो. पडवीत सतरंजीवर सगळ्या गप्प. असं गप्प बसणं फार जड जातं. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून मीच बोलले, "काल सकाळीच येसूबाईंनी न्हाऊ घातलं त्याला. मी बघून गेले ना, चांगलं हसत होतं." मला एवढंच म्हणायचं होतं, की सकाळी हसणारं मूल संध्याकाळी नाही, काय हे.

हे वाक्य मी तिथेच सोडून घरी आले. पण ते माझ्यामागून आळीभर फिरलं आणि फिरताना त्याचा हसण्याचा भाग गळून पडला. सकाळी येसूबाईंनी न्हाऊ घातलं, संध्याकाळी बाळ गेलं. उरलं ते एवढंच.

आमच्या आळीत तोंडावर कुणी कुणाला काही बोलत नाही. येसूबाईंनाही कुणी बोललं नाही. एका घरी बाळाला सर्दी झाली म्हणून चार दिवस नको. दुसऱ्या घरी सुनेच्या माहेरची बाई यायची होती. तिसऱ्या घरी म्हणे डॉक्टरांनीच तेल बंद सांगितलं. दोन महिन्यांत येसूबाईंना सकाळी सातला जायला एकही मागचं दार उरलं नाही.

मला हे कळलं ते फार उशिरा, वाचनालयात. ओळखीच्या बाई पुस्तक बदलता बदलता म्हणाल्या, "हातगुण फिरला हो येसूबाईंचा. तुम्हीच म्हणालात ना सावित्रीकडे?" मी "नाही, तसं नव्हे," असं सुरू केलं, तोवर त्यांचं पुस्तक मिळालं आणि त्या गेल्या. मी घरोघर जाऊन सांगायला हवं होतं. मनात दोनदा यादीही केली. गेले मात्र नाही. आपण होऊन विषय काढला तर उगीच चर्चा होईल, असं स्वतःला समजावलं.

पुढे माघात येसूबाई माझ्याकडे आल्या. एरवी मागच्या दारी यायच्या, त्या दिवशी पुढच्या दाराशी उभ्या राहिल्या. पायरीवर बसून म्हणाल्या, "वयनी, तुमी शिकलेल्या. मला खरा सांगा. माजा काय चुकला?"

मी त्यांना चहा दिला. आलं घालून दिला. म्हणाले, "काही चुकलं नाही हो. दिवस असे असतात, जातील." त्यांनी चहा घेतला, कपबशी विसळून पालथी घातली आणि गेल्या. परत आल्या नाहीत. मुलीकडे गेल्या असं कुणी म्हणायचं.

या गोष्टीला तीन वर्षं होत आली. सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी आली, आठवा महिना सरत आलेला. तिच्यासाठी अंग चोळायला बाई शोधत मी वणवण फिरत होते. त्याच सुमाराला माझी मोठी नणंद मुंबईहून आली. तिच्या यजमानांच्या कंपनीची बैठक होती, त्यामुळे ती आमच्याकडे न उतरता समुद्राकडच्या नव्या मोठ्या हॉटेलात उतरली. मी भेटायला गेले तर पलंगावर पाय पसरून बसलेली.

"अगं, इथे हेल्थ क्लब आहे," ती म्हणाली. "वाफ देतात, बायका मसाज करतात. दोनदा घेतला मी. आज तिसरा आहे, माझ्याऐवजी तू जा."

"वन्सं, तुमच्या भावाला कळलं तर ते म्हणतील, घरी पाटा-वरवंटा असताना रगडून घ्यायला हॉटेलात कशाला?"

"त्याला सांग, तो वरवंटा आता झिजलाय. जा मुकाट्याने."

गेले. खाली गालिचा, कोपऱ्यात कुंड्या, कुठूनतरी संतूरची कॅसेट. एका मुलीने मला पांढरा झगा दिला, मग अंधाऱ्या थंड खोलीत उंच बाकावर पालथं झोपवलं, पाठीवर टॉवेल घातला आणि डोळे मिटायला सांगून ती गेली. पन्नाशीला आलेली बाई मी, परक्या खोलीत उघड्या पाठीने पडलेली. हसू येत होतं आणि लाजही वाटत होती.

दार वाजलं. कुणीतरी आलं. तेल ओतल्याचा आवाज झाला आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी वाट बघत राहिले. मग दोन तळवे माझ्या मानेखाली टेकले. शेकलेले, गारही नाहीत आणि चटका बसावा इतके गरमही नाहीत.

माझे डोळे उघडले, पण मान वळवायचा धीर झाला नाही.

हात डाव्या खांद्याशी आले आणि थांबले. "वयनी," वरून हलका आवाज आला, "ही गाठ अजून हायच की. धाकट्याच्या वेळची."

मी वळून बसले. अंगावर निळी गणवेशाची साडी, केस घट्ट बांधलेले, पायांत पांढरे बूट. येसूबाई. बूट घातलेल्या येसूबाई मला ओळखूच आल्या नसत्या.

"झोपा झोपा. बोलायची बंदी हाय हितं. बोलला तर बाईसायब दारावर टकटक करतात."

मी पुन्हा पालथी झाले. माझं तोंड खाली आणि त्यांचे हात पाठीवर, हे एका परीने बरंच होतं. त्या हळूच बोलत राहिल्या. पगार वेळच्या वेळी मिळतो, जेवण मिळतं, दिवाळीला साडी मिळाली. मुंबईच्या बायका येतात, चांगल्या असतात. "पन तेल बगा ह्यांचा. नुसता वास हाय, तेल नाय. आनि मोठी माणसा, वयनी. सगळी मोठीच माणसा. सैल काय पडतच नायत."

मग त्यांनी विचारलं, "लेक कशी हाय?"

मी सांगितलं. आठवा महिना, जानेवारीचे दिवस. हात थबकले, मग पुन्हा चालू लागले, पण कमरेवर एकाच जागी.

मला आणखी गप्प राहवेना. "येसूबाई, ते सावित्रीकडचं बोलणं माझं होतं. मला तसं म्हणायचं नव्हतं, पण ते माझ्याच तोंडून निघालं."

"ठावक हाय मला."

"कधीपासून?"

"तवाच. तुमी खोटा काय बोललात? मीच न्हाऊ घातला होता. हसतच होता ता." त्यांनी माझ्या पाठीवरचं तेल टॉवेलने टिपलं. "त्याचा राग नाय माजा. मी तुमच्या दारात आले, तुमाला इचारला, तवा तुमी मला च्या दिलात."

कॅसेटची एक बाजू संपून खट्‌ असा आवाज झाला.

"माझ्या लेकीचं तुम्ही करा," मी म्हणाले. "इथून रजा घ्या नाहीतर सकाळी तिचं करून मग इथे कामावर या. मी रिक्षा पाठवीन. माझ्या घरात कुणी काही बोलणार नाही, हे मी सांगते."

"कोन बोलणार नाय, ता मला म्हायत हाय. तुमी तर नायच बोलणार." त्या माझ्या उशाशी आल्या. आता मला त्यांचे फक्त बूट दिसत होते. "पन वयनी, पोराला सर्दी होते, ताप येतो. तुमच्या नातवाला जरासा ताप आला, की तुमी एकदाच माज्या हाताकडं बघाल. बोलणार नाय, नुसत्या बघाल. ता मला आता बघवायचा नाय."

"नाही हो," असं म्हणायला मी तोंड उघडलं. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तापाने फणफणलेलं बाळ आलं, आणि मला "नाही" म्हणता आलं नाही. खोटं बोलून एकदा सुटता आलं असतं, पण त्या हातांना ते माझ्या पाठीवरूनच कळलं असतं.

त्यांनी मात्र वाट बघितली. मग म्हणाल्या, "उठा. बसा. अजून दहा मिन्टं हायत. शिकून घ्या."

त्यांनी एक टॉवेल घेऊन त्याची घट्ट वळकटी केली, एका टोकाला गाठ मारून डोकं केलं. बूट काढून ठेवले. त्या गालिच्यावर बसल्या, साडी गुडघ्यांवर घेऊन पाय पसरले आणि वळकटी नडग्यांवर पालथी ठेवली.

"मान हितं, उतरती. बोटानं नाय दाबायचा, तळव्यानं न्यायचा. टाळू भरायची ती अशी, हात टेकवून, जोर नाय. पोटावर हात फिरवायचा तो ह्या बाजूनंच. न्हानीत वारा येता कामा नये. तुमची खिडकी फुटकी होती, ती नीट केलीत?"

"केली."

"बरा केलात." टॉवेल उताणा करून त्यांनी त्याच्या छातीवर दोन अंगठे टेकवले आणि बाजूला नेले, पुन्हा टेकवले आणि नेले. मला दाखवून झालं होतं तरी त्या थांबल्या नाहीत. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या, ते माझ्यासाठी नव्हतं. दारावर टकटक झाली तशी त्यांनी वळकटी उलगडली, टॉवेल झटकून त्याची घडी घातली आणि बुटांत पाय घातले. "जी मॅडम," दाराकडे तोंड करून त्या म्हणाल्या.

जानेवारीच्या मध्याला नातू झाला. त्याला मी न्हाऊ घातलं, तळव्याने, बोटं न दाबता. दुसऱ्या महिन्यात त्याला ताप आला, तीन दिवसांनी उतरला. ते तीन दिवस मी पुन्हा पुन्हा स्वतःच्या हातांकडे बघत होते.

लेक सासरी निघाली तेव्हा बाळ चार महिन्यांचं झालं होतं. एसटी स्टँडवर सामान चढवेपर्यंत त्याला घेऊन मी बाकापाशी उभी होते. संगमेश्वरच्या गाडीच्या रांगेत येसूबाई दिसल्या, साध्या लुगड्यात, हातात पिशवी. मी हाक मारली. त्या लगबगीने आल्या. दोन हात अंतरावर उभ्या राहून त्यांनी बाळाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"बाळसा चांगला धरलाय," त्या म्हणाल्या. "टाळू भरलीत वयनी तुमी. नीट भरलीत."

"घ्या ना जरा."

बाळ तेवढ्यात त्यांच्याकडे झेपावलं, दोन्ही हात पुढे करून, तोंडाने आवाज काढत. मी त्याला पुढे केलं. येसूबाई मागे सरल्या. पिशवी खाली पडली, ती उचलायलाही त्या वाकल्या नाहीत. दोन्ही हात त्यांनी पदराखाली ओढून घेतले होते.

"नको गो बाय," त्या म्हणाल्या. "परवासाला निघालाय तो."